फ्रेंच सुरीचें पातें

पांच-सहा वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी फ्रान्समधून परत आला, तो आमच्यासाठीं एक सुरी घेऊन आला. प्राध्यापकास भेट द्यावयाची तर पुस्तक द्यावें, पेन द्यावें, फार तर शाल द्यावी, असा जगाचा शिरस्ता. पण हा गृहस्थ हॉटेलच्या धंद्यांत शिरलेला. त्याच्या लेखीं सुरीहून मोलाची अशी दुसरी वस्तु ती कोणती? सुरी नवी नव्हती, जुन्या बाजारांतून निवडून आणलेली होती. पातें सुमारें दहा इंच लांब, मुठीपाशीं पावणेदोन इंच रुंद, आणि तेथून टोंकापर्यंत जवळजवळ सरळ रेषेंत निमुळतें होत गेलेलें. मूठ काळ्या लांकडाची, तीन रिबिटांनीं बसविलेली. पात्यावर अर्धवट पुसलेलीं अक्षरें होतीं. भिंग लावून पाहतां 'सबातिये' एवढें वाचतां आलें.

आमच्या घरांत विळीचें साम्राज्य आजवर निर्वेध चालत आलेलें आहे. तेथें या परदेशी पाहुणीचें स्वागत कसें झालें तें सांगण्यासारखें आहे. पहिल्याच दिवशीं मंडळींनीं तिनें दोन लिंबें कापलीं व ती तशीच ओट्यावर ठेवली. संध्याकाळीं पाहतात तों पात्यावर निळसर काळे डाग! "अहो, तुमची ही फ्रेंच बाई एका लिंबानं काळवंडली हो," असा अभिप्राय आम्हांस ऐकावा लागला. मोलकरणीनें दुसऱ्या दिवशीं राख व काथ्या घेऊन ती लख्ख करून ठेवली, आणि तिसऱ्या दिवशीं ती पुन्हां काळी झाली. तेव्हां या बाईचें कुळशील काय, हें पाहणें आम्हांस प्राप्त झालें. त्या शोधांत जें हातीं लागलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. विळीमध्यें पातें स्थिर असतें आणि भाजी हातानें पात्यावर आणावी लागते. फ्रेंच सुरीमध्यें भाजी फळीवर स्थिर आणि पातें चालतें. हा भेद दिसावयास लहान, परंतु त्याचे परिणाम मोठे आहेत. पातें जेथें स्थिर, तेथें त्याचें वजन किती, तोल कोठें, पाठ किती जाड, मूठ कशी, हे प्रश्नच उत्पन्न होत नाहींत. पाटाला पक्की बसली म्हणजे विळी झाली. पातें जेथें दिवसाकाठीं हजारों वेळां उचलावयाचें व टेकावयाचें, तेथें यांतील प्रत्येक प्रश्न मनगटाच्या दुखण्याशीं येऊन भिडतो. फ्रेंच सुरीचा आकार हा या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचा सांठा आहे. आणि तीं उत्तरें एकाएकीं कोणाला सुचलेलीं नाहींत.

मध्ययुगांतील युरोपांत सुरी ही माणसाच्या कमरेला असे. जेवावयास बोलावलेला पाहुणा आपली सुरी आपल्याबरोबर आणी, तिनेंच मांस कापी, आणि तिच्याच टोंकानें तुकडा उचलून तोंडांत घाली. राजाच्या पंक्तीला मांस कापून वाढण्याचें काम एका कुलीन सरदाराकडे असे. त्याला 'एक्युये त्रांशां' म्हणत, आणि तो मान मोठा समजला जाई. म्हणजे कापण्याचें काम सर्वांच्या डोळ्यांदेखत, जेवणाच्या जागींच चाले. पॅरिसमध्यें या वस्तु करणाऱ्या कारागिरांचे संघ तेराव्या शतकांतच व्यवस्थित झालेले दिसतात. १२६८ च्या सुमारास एतिएन ब्वालो यानें पॅरिसच्या धंद्यांचे नियम एकत्र लिहून काढले. त्यांत पातीं घडविणारे वेगळे आणि मुठी बसविणारे वेगळे, असे दोन निराळे संघ आढळतात. पातें एका जातीचें काम, मूठ दुसऱ्या जातीचें! आमच्याकडील बारा बलुतेदारांची ज्यांना माहिती आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं.

मुदपाखान्यांत मात्र त्या काळीं सुरीपेक्षां खलबत्त्याला मान अधिक होता. मध्ययुगीन फ्रेंच पाककृति पाहिल्या तर मांस कुटावें, वाटावें, कापडांतून गाळावें, पावाचा चुरा घालून दाट करावें, मसाल्यानें तिखट करावें, असा प्रकार फार. पदार्थाचा मूळ आकार शेवटीं ताटांत ओळखूं येऊं नये, अशीच जणूं पाचकाची इच्छा. सतराव्या शतकांत ही रुचि पालटूं लागली. १६५१ सालीं ला व्हारेन याचा पाकशास्त्रावरचा ग्रंथ छापला गेला आणि नव्या पद्धतीचा पाया घातला गेला. तींत मसाले कमी झाले, भाजीला भाजीची चव राहूं लागली, आणि जी वस्तु ताटांत दिसणार ती कशी कापली आहे याला महत्त्व आलें. कुटलेल्या वस्तूचा आकार कोणी विचारीत नाहीं. कापलेल्या वस्तूचा विचारतात.

याच शतकांत मेजावरच्या सुरीचें टोंक गेलें. कार्डिनल रिशल्यू याच्या पंक्तीला एक पाहुणा सुरीच्या टोंकानें दांत कोरीत बसला, तें पाहून कार्डिनलसाहेबांनीं आपल्या घरच्या साऱ्या सुऱ्यांचीं टोंकें घासून गोल करविलीं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेवर आम्ही भार ठेवीत नाहीं. परंतु १६६९ सालीं चौदाव्या लुईनें टोंकदार सुऱ्यांवर बंदी घातली व मेजावरच्या सुऱ्या बोथट टोंकाच्या कराव्या असा हुकूम काढला, हें इतिहासकार नमूद करतात. खुनाखुनीला आळा बसावा हा राजाचा हेतु असेल. त्याच सुमारास कांटा मेजावर स्थिर होत होता, त्यामुळें टोंकानें तुकडा उचलण्याची गरजही राहिली नव्हती. येथपासून सुरीच्या घराण्यांत वांटणी झाली. मेजावरची सुरी गोल टोंकाची, रुपेरी, निरुपद्रवी झाली; आणि टोंक, धार, वजन हें सारें भिंतीपलीकडे मुदपाखान्यांत गेलें. जेवणाऱ्यानें कापणें पाहूं नये, कापलेलें तेवढें पाहावें, अशी नवी सभ्यता आली. राजाच्या एका हुकुमानें स्वयंपाक्याची सुरी जन्मास आली असें आमचें म्हणणें नाहीं. तसा हुकूमनामा कोणालाही दाखवितां यावयाचा नाहीं. पण या विभक्तपणावांचून ती आजच्या रूपास येती ना, एवढें खास.

या विभक्तपणाची साक्ष पाहावयाची असेल त्यानें शार्दां या चित्रकाराचें 'ला रे' हें चित्र पाहावें. १७२८ सालीं याच चित्राच्या बळावर तो चित्रकारांच्या अकादमीत घेतला गेला. हल्लीं तें लूव्र संग्रहालयांत आहे. मध्यभागीं आंतडीं उघडीं पडलेला मोठा पाकट मासा टांगला आहे, डावीकडे कालवांवर चढलेलें मांजर अंग फुगवून उभें आहे, आणि उजवीकडे मेजाच्या कडेबाहेर एका सुरीची मूठ पाहणाऱ्याच्या अंगावर यावी तशी आलेली आहे. दिवाणखान्यांतील मंडळींना जें दिसूं नये म्हणून भिंत घातली, तेंच या चित्रकारानें दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलें.

अठराव्या शतकांत सुरी करणाऱ्यांचा धंदा पंडितांच्या नजरेस आला, याचें श्रेय एका कारागिराच्या मुलाकडे जातें. दनी दिदरो हा ज्ञानकोशकर्ता १७१३ मध्यें लांग्र या गांवीं जन्मला. त्याचा बाप तेथला नांवाजलेला सुरीवाला होता, आणि शस्त्रवैद्यांचीं हत्यारें करण्यांत त्याचा हातखंडा होता. १७५१ पासून निघूं लागलेल्या ज्ञानकोशांत लोहार, सुतार, विणकर यांच्या धंद्यांना तत्त्वज्ञानाच्या शेजारीं जागा मिळाली, ती देणारा माणूस ऐरणीच्या आवाजांत वाढला होता, ही गोष्ट विसरतां कामा नये. पुढें १७७१ च्या सुमारास पॅरिसचा सुरीवाला झां-झाक पेरे यानें आपल्या धंद्यावर चित्रांसह मोठा ग्रंथ लिहिला आणि शास्त्र-अकादमीनें तो आपल्या मालेंत घेतला. आपला धंदा आपणच लिहून ठेवणारा कारागीर विरळा. आमच्याकडे पुण्या-साताऱ्याच्या तलवारी घडविणाऱ्यांत एखादा पेरे निपजता तर आज आम्हांस केवळ संग्रहालयांतील गंजलेलीं पातीं पाहून तर्क लढवावे लागते ना.

परंतु पुस्तकें पॅरिसमध्यें झालीं तरी सुऱ्यांचें खरें माहेर पॅरिस नव्हे. तें मान शातेलरो, नोजां व लांग्रचा परिसर, आणि सर्वांत अधिक तिएर या गांवाकडे जातो. तिएर हें ओव्हेर्न प्रांतांतलें डोंगरउतारावरचें गांव. तेथें लोखंडाची मोठी खाण नाहीं, पोलादही बाहेरून आणावें लागे. होतें काय, तर द्युरोल नांवाची एक लहानशी नदी. ही नदी गांवाखालून इतक्या उतारानें उड्या घेत जाते कीं थोड्याशा अंतरांत एकामागून एक कितीतरी पाणचक्क्या तिच्यावर बसवितां आल्या. तिच्या एका घळीला लोक 'नरकाचा खड्डा' म्हणतात. पहिल्या धर्मयुद्धास गेलेल्या ओव्हेर्नच्या शिपायांनीं पूर्वेकडून पोलादाची विद्या आणली अशी गांवांत दंतकथा आहे. १०९५ सालीं पोप अर्बन यानें त्या युद्धाची हांक जवळच्याच क्लेरमों गांवीं दिली, तेव्हां दंतकथेला बसावयास जागा चांगली मिळाली आहे. आमचा विश्वास मात्र दंतकथेपेक्षां नदीवर अधिक.

तिएरमध्यें एक सुरी एका हातची कधींच नव्हती. एकानें पातें ठोकून घडवावें, दुसऱ्यानें कानशीनें घासावें, तिसऱ्यानें भोंकें पाडावीं, चौथ्यानें पाणी द्यावें, पांचव्यानें चाकावर धार काढावी, सहाव्यानें चकाकी आणावी, सातव्यानें मूठ बसवावी. अर्धवट सुऱ्यांचे गठ्ठे पाठीवर घेऊन माणसें दिवसभर त्या चढावांवरून एका कारखान्यांतून दुसऱ्यांत जात-येत. चकाकी देणें आणि जोडणें हें काम पुष्कळदां बायका घरच्या घरीं करीत.

या सर्वांत धार काढणाऱ्यांचें, ज्यांना तेथें 'एमूलर' म्हणत, आयुष्य फार कठीण. पाणचक्कीवर फिरणारा दगडी चाक जमिनीलगत बसविलेला. त्याच्यावर एक फळी आडवी टाकलेली. आणि त्या फळीवर हा माणूस पोटावर पालथा पडून, दोन्ही हातांनीं पातें खालच्या चाकावर दाबून धरी. असें पडल्यानें अंगाचा भार हातांत उतरतो आणि डोळा धारेच्या जवळ राहतो, हा त्यांतला हिशेब. तासचे तास, दिवसचे दिवस हा माणूस असा ओल्या फळीवर पडलेला. चाकावरून उडणाऱ्या पिवळ्या चिखलानें त्याचें अंग माखे, म्हणून या लोकांना 'पिवळ्या पोटांचे' असें नांव पडलें. खालीं नदी, भिंतींना ओल, हिंवाळ्यांत बर्फ. तेव्हां ऊब यावी म्हणून ते आपला कुत्रा पायांवर निजवून घेत. जुन्या छायाचित्रांत ही गोष्ट स्पष्ट दिसते: फळ्यांची रांग, प्रत्येकीवर पालथा माणूस, आणि त्याच्या पोटऱ्यांवर मुटकुळें करून बसलेला कुत्रा. दगडाची धूळ छातींत जाऊन जडणारा रोग या धंद्याचा सोबती होता. आणि कधींकाळीं फिरतां फिरतां चाक फुटलें तर त्यावर पडलेल्या माणसाचें काय होत असेल तें वर्णन करण्याचें कारण नाहीं. झॉर्झ सांद ही कादंबरीकार १८५९ मध्यें हें गांव पाहून गेली आणि त्यावरून तिनें 'ला व्हील न्वार', म्हणजे 'काळें शहर', ही कादंबरी लिहिली. एका लिंबानें काळवंडणारी सुरी ज्या गांवांतून आली त्या गांवालाही काळेंच म्हणावें, हा योगायोग आमच्या मंडळींना फार आवडला.

आतां पात्याकडे वळूं. फ्रेंच स्वयंपाक्याच्या मुख्य सुरीला आज 'कुतो द शेफ' म्हणतात. धंद्यांतलें तिचें दुसरें नांव 'एमँसर', म्हणजे पातळ काप करणारी. तिचा आकार लांबट त्रिकोणाचा. पाठ जवळजवळ सरळ, टोंकाकडे किंचित उतरती. धारही टांचेपासून बऱ्याच लांबीपर्यंत सरळच, आणि पुढें टोंकाकडे हलकेच वर वळणारी. जर्मनींतील झोलिंगेनची सुरी शेजारीं ठेवली म्हणजे भेद चटकन् कळतो: जर्मन पात्याला पोट असतें, धारेची रेषा पाळण्याच्या बुडासारखी गोल, पातेंही जाड व वजनदार. त्यामुळें जर्मन सुरी फळीवर टोंक टेकून डोलवावयाची. फ्रेंच सुरी पुढें सारीत सारीत कापावयाची. डोलवितां फ्रेंचही येते, पण तिचा स्वभाव तो नव्हे. सरळ धार एकदम सगळ्या लांबीनें फळीला टेकते, म्हणून गाजराच्या काड्या खालपर्यंत सुटतात, एकमेकींना चिकटून माळ होत नाहीं. ज्यांना 'झ्युलिएन', 'ब्रुन्वाझ' इत्यादि नांवें आहेत ते काड्यांचे व बारीक चौकोनी तुकड्यांचे काप या सरळ रेषेवांचून नीट व्हावयाचे नाहींत. सुरीमुळें काप आले कीं कापांमुळें सुरी अशी झाली, हा वाद बीज-वृक्षाचा आहे.

टांच रुंद कां, याचें उत्तर फळीवर हात ठेवून पाहिलें म्हणजे मिळतें. पातें अरुंद असेल तर मूठ धरणाऱ्या बोटांचीं पेरें फळीवर आपटतात. रुंद टांच बोटांना जागा देते. टोंकाला ती रुंदी नको, तेथें बारकाई हवी. म्हणून त्रिकोण. आणि हा त्रिकोण केवळ बाजूनें पाहतां दिसणारा नव्हे. सुरी वरून पाहिली तर पाठीची जाडीही मुठीपासून टोंकाकडे कमी कमी होत जाते. मुठीजवळ हाडाला लागलें तरी न वांकणारें तें पातें टोंकाशीं बोटानें दाबलें तर लवतें. कांदा बारीक चिरावयाचा तेव्हां या टोंकाचें मोल कळतें: अर्धा कांदा पालथा ठेवून, मुळाकडचा भाग न तोडतां, टोंकानें उभ्या चिरा द्यावयाच्या, मग आडव्या, आणि शेवटीं टांचेकडच्या धारेनें कापीत यावयाचें. एकाच पात्याच्या दोन टोंकांनीं दोन निराळीं कामें. एका लोखंडी सळईंतून हें सारें घणाखालीं काढणें ही घडविणाऱ्याची विद्या. पत्र्यांतून सुरी कापून काढणाऱ्या स्वस्त मालांत ही जाडीची उतरण साधत नाहीं, आणि हातांत घेतांच तो फरक मनगटाला समजतो.

पातें व मूठ यांच्यामध्यें लोखंडाचा एक जाड गळा असतो, त्याला फ्रेंच लोक 'मीत्र' म्हणतात. तो तोल साधतो, बोट पुढें सरकूं देत नाहीं, आणि दिसतोही सुरेख. परंतु त्याची एक खोड आहे. कित्येक सुऱ्यांत हा गळा टांचेच्या धारेपर्यंत खालीं आलेला असतो. वर्षानुवर्षें धार लावतां लावतां पातें झिजतें, गळा मात्र झिजत नाहीं. मग टांचेशीं धार फळीला टेकेनाशी होते आणि गळा आधीं टेकतो. सौंदर्यासाठीं केलेली सोय पुढें अडचण होते, याचें हें उत्तम उदाहरण आहे, आणि आमच्या सुरींतही तो दोष स्पष्ट होता.

मुठीच्या बाबतींत दोन घराणीं आहेत. तिएरच्या सुरींत पात्याचीच पट्टी मुठीच्या पूर्ण लांबीला आणि आकाराला पुरते. तिच्या दोन्ही अंगांस लांकडाच्या फळ्या लावून रिबिटी ठोकतात. नोजांच्या जुन्या पद्धतींत पात्याला मागें बारीक दांडी काढून ती अखंड आबनुसाच्या मुठींत घुसवितात. मूठ गोलसर, हलकी, रिबिटीशिवाय. तिएरची सुरी दणकट, नोजांची नाजूक. जुन्या वस्तु जमविणारे नोजांवर जीव टाकतात. आमचें मत विचाराल तर रोजच्या कामाला रिबिटीची मूठच बरी.

मुख्य सुरीच्या भोंवतीं तिची गोतावळ मोठी आहे. बोटभर पात्याची 'ऑफीस' सोलण्या-कोरण्यासाठीं. पक्ष्याच्या चोंचीसारखी खालीं वांकलेली लहान सुरी बटाटे-गाजरें घडवून लांबट गोल करण्यासाठीं. हाडापासून मांस सोडविणारी ताठ 'देझोसर'. माशाचे काप सोडविणारी, कागदासारखी लवचीक 'फिले द सोल'. शिजलेल्या मांसाचे लांब पातळ काप काढणारी अरुंद 'त्रांशलार'. आणि हाडें तोडणारा कोयता. या सर्वांच्या जोडीला 'फ्युझी', म्हणजे सुरीची धार सरळ करणारी पोलादी सळई. फ्रेंच सुरीचें जुनें पोलाद जपानी पोलादाच्या मानानें मऊ. धार लवकर मुरडते, पण सळईवर दोन-चार हात मारतांच पुन्हां उभी राहते. गंजाची आणि डागांची जी तक्रार आमच्या घरांत झाली तिचेंही मूळ याच साध्या पोलादांत आहे. १९१३ मध्यें शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें न गंजणारें पोलाद काढलें आणि सुरीच्या धंद्यांत क्रान्ति झाली; तरी जुन्या वळणाचे स्वयंपाकी फार वर्षें काळ्या पात्यांनाच धरून होते, कारण त्यांची धार त्यांच्या हाताला पटकन् वळे. काळेपणा हा रोग नसून कांतडी आहे, असें आम्हीं घरीं समजावून सांगितलें. पटलें कीं नाहीं सांगवत नाहीं.

त्या गोतावळींत एक गमतीचें नातें आहे. एमँसरला तीस-चाळीस वर्षें धार लावीत राहिलें म्हणजे तिची रुंदी झिजते, आणि ती आपोआप त्रांशलारसारखी अरुंद होते. जुन्या मुदपाखान्यांतून अशा म्हाताऱ्या सुऱ्या सांपडतात. पात्यावरील छाप रुंद सुरीचा, अंग मात्र अरुंद सुरीचें.

आतां त्या 'सबातिये' अक्षरांविषयीं. आम्हांस प्रथम वाटलें कीं हें एखाद्या मोठ्या कारखान्याचें नांव असावें. तसें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तिएरमध्यें सबातिये आडनांवाचीं दोन निरनिराळीं घराणीं हा धंदा करीत होतीं. पुढें त्या घराण्यांच्या शाखा झाल्या, सोयरीक-वारसा झाला, आणि पुष्कळ कारखानदार हें नांव पात्यावर उठवूं लागले. कोणी अलीकडे हत्तीचें चित्र, कोणी सिंहाचें, कोणी एखादें अक्षर जोडून आपला माल वेगळा दाखविला. म्हणून सबातिये म्हणजे एक घर नव्हे. त्या नांवाखालीं उत्कृष्ट सुरीही मिळते आणि टाकाऊही मिळते. केवळ नांवावर जाऊन सुरी घेणाऱ्याची फसगत होण्याचा संभव आहे. जुन्या तिएरमध्यें प्रत्येक सुरीवाल्याची खूण धातूच्या पत्र्यावर उठवून संघाच्या ताब्यांत ठेवीत, म्हणजे दुसऱ्यानें ती चोरूं नये. १७९१ मध्यें क्रान्तीच्या सरकारनें संघ मोडले. धंदा मोकळा झाला हें खरें. आडनांवही मोकळें झालें.

क्रान्तीनें सुरीवाल्यांचे संघ मोडले तसे सरदारांचे वाडेही मोडले, आणि वाड्यांतले पुष्कळ पाचक पॅरिसमध्यें खाणावळींकडे वळले. या नव्या 'रेस्तोराँ'च्या जगांत माणूस आज एका चुलीपाशीं, उद्यां दुसऱ्या. त्याच्या मालकीचें काय, तर त्याच्या सुऱ्या. पुढें ऑग्युस्त एस्कोफिए यानें मुदपाखान्यांत पलटणीसारखी वांटणी केली: एकाकडे रस्से, एकाकडे मासे, एकाकडे थंड पदार्थ. त्याचा पाकग्रंथ १९०३ मध्यें निघाला. या पलटणींत शिरणाऱ्या पोरास आधीं कांदे आणि गाजरें यांच्या ढिगाऱ्यापाशीं उभें करीत, आणि तो कापतो कसा यावरून त्याचें पुढचें ठरे. अमेरिकेंतील घराघरांत ही सुरी पोहोंचविण्याचें श्रेय ज्युलिया चाइल्ड या बाईकडे फार मोठ्या प्रमाणांत जातें. १९६३ पासून तिचा फ्रेंच पाककलेचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर होऊं लागला.

पूर्वेकडचा प्रवास याहूनही चमत्कारिक आहे. जपानांत १८६८ च्या राज्यक्रान्तीनंतर पाश्चात्य चालीरीति शिरूं लागल्या. बौद्ध मताच्या प्रभावानें गोमांस शतकानुशतकें वर्ज्यप्राय होतें; १८७२ मध्यें सम्राटानें गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें. पण जपानी सुरी मासे-भाज्यांसाठीं घडलेली, पुष्कळदां एकाच अंगानें धार दिलेली. तेव्हां तेथील कारागिरांनीं फ्रेंच सुरीचा आकार घेतला, आपलें कठीण पोलाद त्यांत घातलें, पातें आणखी पातळ केलें, आणि तिला नांव दिलें 'ग्युतो', म्हणजे गुरांच्या मांसाचा सुरा. तिच्या लहान बहिणीला ते 'पेती' म्हणतात. तो फ्रेंचमधला 'लहान' हा शब्दच तेथें घर करून राहिला आहे. आज युरोप-अमेरिकेंतील पुष्कळ स्वयंपाकी हीच ग्युतो हौसेनें वापरतात. तिएरची मुलगी दीडशें वर्षांपूर्वीं पूर्वेला दिली, तिची नातवंडें पाश्चात्य पेहरावांत आजोळीं परतलीं. त्यांचें सरळ नाक मात्र तिएरचेंच आहे.

आमच्या सुरीची गोष्ट थोडी राहिली. तिच्या टांचेशीं तो गळ्याचा दोष होता असें वर सांगितलें आहे. त्यापायीं कांद्याचे काप शेवटीं सुटत नसत. एका बाजूनें माळेसारखे लोंबत, आणि तो दोष आमच्या पदरीं येई. गेल्या दिवाळीपूर्वीं सायकलवर चाक बसविलेला एक धार लावणारा गल्लींत ओरडत आला. त्याला ती सुरी दाखविली. त्यानें पात्याच्या कडेवर नख फिरविलें, सुरी आमच्या ओट्याच्या कडप्प्यावर उभी टेकविली, आणि खालच्या फटींतून उजेड पाहिला. मग म्हणाला, "साहेब, धार चांगली आहे. ही टांच उतरवायला हवी. नाहीतर कांदा सुटायचा नाही."

पुस्तकें चाळून आम्हांस जें समजलें होतें तें त्यानें एका नजरेंत सांगितलें. मागच्या चाकावर सायकल उभी करून तो पायडल मारूं लागला, ठिणग्या उडाल्या, आणि पांच-सात मिनिटांत गळ्याचा तेवढाच भाग त्यानें बेतानें घासून काढला. मंडळींनीं आंतून कांदा आणून दाराशींच कापून पाहिला. काप सुटे सुटे पडले.

"कुठली हो ही?" त्यानें विचारलें.

"फ्रान्सची."

"तिथं धार कोण लावतं?"

आम्हीं त्याला द्युरोल नदी सांगितली, फळीवर पालथे पडणारे ते लोक सांगितले, आणि पायांवर निजणारे कुत्रेही सांगितले. तो मनापासून हंसला. "कुत्रं पायांवर बसलं तर मग पायडल कोण मारील?" असें म्हणून त्यानें पैसे खिशांत घातले आणि पुढच्या घराकडे सायकल ढकलली.